आधी आई बघा

नवीन पिल्लू टेबलावर ठेवलं की मी त्याच्या हिरड्यांचा रंग बघते, पोट चाचपते, थर्मामीटर लावते. मालकाच्या मनात बहुतेक वेळा वेगळाच प्रश्न असतो. "डॉक्टर, प्युअर आहे ना हे? फसवलं नाही ना आम्हाला?" आणि रस्त्यावरचं पिल्लू उचलून आणणारी माणसं दारातच संकोचून सांगतात, "गावठीच आहे, मॅडम. बघाल का?" बघणार तर आहेच. पण हे दोन्ही प्रश्न ऐकून ऐकून मला वाटायला लागलं की यावर एकदा सविस्तर लिहावं.

मी परळच्या पशुवैद्यकीय महाविद्यालयात शिकले. त्या आवाराला मुंबईकर अजूनही बैलघोडा हॉस्पिटल म्हणतात. शिक्षण संपल्यावर सोलापूरला परत आले आणि इथेच दवाखाना काढला. माझ्याकडे एकाच सकाळी हॉटेलवाल्यांचा पग, निवृत्त फौजदारांचा जर्मन शेफर्ड, अपार्टमेंटच्या वॉचमनने सांभाळलेली गावठी कुत्री आणि मंगळवेढ्याकडच्या धनगराचा कारवानी असे चौघेही येऊन जातात. या सगळ्यांची दुखणी इतकी वर्षं हाताळल्यावर माझं एक मत पक्कं झालं आहे. जातिवंत कुत्र्याचं दुखणं पुष्कळदा त्याच्या जन्माआधीच माणसाने ठरवलेलं असतं. गावठी कुत्र्याचं दुखणं त्याच्या जन्मानंतर माणसाने जे केलं नाही त्यातून येतं.

एप्रिल लागला की मला पगांची काळजी वाटू लागते. सोलापूरचा उन्हाळा ज्यांनी काढला आहे त्यांना ४२-४३ अंश म्हणजे काय ते सांगायला नको. कुत्र्याला आपल्यासारखा अंगभर घाम येत नाही. पंजांच्या गादीला थोडा येतो, तेवढाच. अंगातली उष्णता बाहेर टाकायची ती जीभ बाहेर काढून, धापा टाकून. नाकातल्या आणि तोंडातल्या ओल्या पृष्ठभागावरून हवा वेगाने जाते, पाणी उडतं, तिथलं रक्त थंड होतं. या कामाला लांब नाक लागतं. पगाचं नाकाचं हाड माणसाने पिढ्यान्‌पिढ्या निवड करून आखूड केलं, पण आतलं मांस त्या प्रमाणात आखूड झालं नाही. टाळूचा मऊ पडदा घशात लोंबत राहतो, नाकपुड्या चिरेएवढ्या उरतात आणि हवा ओढताना प्रत्येक श्वासाला जोर लावावा लागतो. उन्हात कुत्रा धापा टाकू लागतो, त्या जोराने घशाला सूज येते, सुजेमुळे वाट आणखी अरुंद होते, म्हणून तो आणखी जोराने धापा टाकतो. थंड होण्यासाठी केलेल्या धडपडीनेच अंग तापत जातं.

मे महिन्यातल्या एका दुपारी असाच एक पग आला. घरात लग्न होतं, पाहुण्यांच्या गडबडीत तो गच्चीवर राहून गेला होता. ताप १०८ फॅरनहाइट. नेहमीचा साधारण १०१ ते १०२.५ असतो. आम्ही अंगावर नळाचं पाणी सोडलं, पंखा लावला, ऑक्सिजन आणि सलाइन सुरू केलं. ताप उतरला, पण तोवर आतल्या आत रक्तस्राव सुरू झाला होता. दुसऱ्या दिवशी तो गेला. त्या घरातली मुलगी रडत रडत म्हणाली, "तो झोपेत घोरायचा ना, आम्हाला ते किती गोड वाटायचं." मी तिला काहीच बोलले नाही. पण ते घोरणं म्हणजे श्वासाची अडचण असते, हे पिल्लू विकणाऱ्याने तिच्या वडिलांना सांगायला हवं होतं.

या नाकपुड्या शस्त्रक्रियेने रुंद करता येतात, टाळूचा पडदा कापून आखूड करता येतो. लवकर केलं तर कुत्र्याला खूप आराम पडतो. पण मालकांना मी आधीच सांगते की आपण एक वाट मोकळी करतोय, कवटी बदलत नाही. पगांचे बाहेर आलेले डोळे हा आणखी एक विषय. सोफ्याचा कोपरा लागला तरी बुबुळाला जखम होते. २००३ च्या सुमारास एका मोबाइल कंपनीच्या जाहिरातीत लहान मुलामागे इमानाने चालणारा पग दिसायला लागला आणि देशभरात या कुत्र्यांची मागणी वाढली. जाहिरातीतला तो गोड चेहरा ज्यामुळे गोड दिसतो, त्याच ठेवणीचे परिणाम माझ्यासारखे डॉक्टर आजही निस्तरत आहेत.

हे असं का झालं, याचं उत्तर शोधत इंग्लंडला जावं लागतं. कुत्र्यांचे प्रकार जगभर हजारो वर्षं होते, पण ते कामावरून पडलेले. मेंढरं वळणारे, शिकार पकडणारे, राखण करणारे. १८७३ मध्ये इंग्लंडमध्ये केनेल क्लब स्थापन झाला, प्रदर्शनं वाढली, प्रत्येक जातीची नोंदवही आली आणि पुढे ती वही बंद झाली. बंद म्हणजे ज्याचे आई-बाप दोघेही त्या वहीत आहेत, त्याचीच नोंद. बाहेरचं रक्त आत येणार नाही. त्यात प्रदर्शन जिंकलेल्या एकाच नराकडे सगळे आपली कुत्री आणतात. चार-पाच पिढ्यांनी कुठलंही पिल्लू घेतलं तरी तोच आजा-पणजा निघतो. सदोष जनुकाची एक प्रत असली तर पुष्कळदा काही होत नाही, पण नात्यातल्या नात्यात वीण झाली की दोन प्रती एकत्र येण्याची शक्यता वाढते आणि आजार उघडा पडतो. लंडनच्या इंपीरियल कॉलेजमधल्या संशोधकांनी २००८ मध्ये केनेल क्लबच्या नोंदी तपासल्या. ब्रिटनमध्ये पग सुमारे १० हजार होते, पण त्यांच्यातली आनुवंशिक विविधता ५० कुत्र्यांत मावेल एवढीच होती. त्याच वर्षी बीबीसीने या विषयावर माहितीपट दाखवला, गदारोळ झाला आणि २००९ पासून केनेल क्लबने सख्ख्या भावंडांच्या आणि आई-मुलगा, बाप-मुलगी अशा विणीतून झालेल्या पिल्लांची नोंद बंद केली. तोपर्यंत ती होत होती!

डाल्मेशियनची गोष्ट मला या सगळ्यात सर्वांत बोलकी वाटते. माझ्याकडे एका वकीलसाहेबांचा डाल्मेशियन यायचा. देखणा, अंगावर एकसारखे ठिपके, कागदपत्रं चोख. एका रात्री त्याची लघवी तुंबली म्हणून फोन आला. नर कुत्र्याच्या मूत्रनलिकेभोवती एक लहान हाड असतं, त्याच्या मागे खडे येऊन अडकले होते. नळी घालून, पाणी मारून खडे मागे ढकलले, मग मूत्राशय उघडून काढले. यूरेटचे खडे. बहुतेक सगळ्या कुत्र्यांचं शरीर यूरिक आम्लाचं रूपांतर सहज विरघळणाऱ्या पदार्थात करतं. डाल्मेशियनमध्ये एका जनुकातल्या दोषामुळे ते नीट होत नाही. आणि हा दोष एखाद्या घराण्यात नाही, तर शुद्ध समजल्या जाणाऱ्या सगळ्या डाल्मेशियनमध्ये दोन्ही प्रतींत आहे. म्हणजे जातीच्या आत कितीही चांगली जोडी शोधली तरी सुटका नाही, कारण निरोगी प्रत आत उरलेलीच नाही.

मग ती बाहेरून आणायची. अमेरिकेतले आनुवंशशास्त्रज्ञ रॉबर्ट शायबल यांनी १९७३ मध्ये नेमकं हेच केलं. एका डाल्मेशियनची एका पॉइंटर जातीच्या कुत्र्याशी एकदाच वीण केली आणि त्यानंतर प्रत्येक पिढीत फक्त डाल्मेशियनशी. दर पिढीला निरोगी प्रत असलेली पिल्लं निवडत गेले. काही पिढ्यांत दिसायला-वागायला पूर्ण डाल्मेशियन, पण लघवी साफ, अशी कुत्री तयार झाली. १९८१ मध्ये अमेरिकन केनेल क्लबने त्यांतल्या दोघांची नोंद केली, तर डाल्मेशियन पाळणाऱ्यांच्या संघटनेतल्या सभासदांनी एवढा विरोध केला की पुढची नोंद थांबली. ती पुन्हा सुरू व्हायला २०११ उजाडलं. मधल्या तीस वर्षांत किती कुत्र्यांची लघवी तुंबली असेल, या विचाराने मला आजही राग येतो. २०११ पर्यंत पॉइंटरच्या रक्ताचा अंश एक टक्काही उरला नव्हता. तेवढ्या परक्या रक्ताने जात बुडेल, असं त्या माणसांना वाटत होतं.

वकीलसाहेबांना मी हे सगळं सांगितलं. त्यांनी शांतपणे ऐकलं, कुत्र्याचा आहार बदलला, पाणी वाढवलं आणि त्याला अखेरपर्यंत जिवापाड सांभाळलं.

लॅबरेडॉरबद्दल फार लिहीत नाही, कारण त्यांच्या कमरेचं दुखणं आता बहुतेकांना ऐकून माहीत आहे. एवढंच सांगते की लॅब सतत अन्न मागतो, याला नेहमी लाड कारण नसतात. केंब्रिजच्या संशोधकांना २०१६ मध्ये असं आढळलं की चारांतल्या साधारण एका लॅबमध्ये एका जनुकाचा तुकडाच गळालेला असतो, त्यामुळे पोट भरल्याचा निरोप नीट पोचत नाही. अशा कुत्र्याला चपाती-दूध घालत राहिलं की वजन वाढतं आणि आधीच कमकुवत असलेला खुबा त्या वजनाखाली झिजतो.

इथवर वाचून कुणाला वाटेल की मी जातिवंत कुत्र्यांच्या विरोधात आहे. तसं अजिबात नाही. जात माहीत असली की डॉक्टरला मोठी मदत होते. डॉबरमन आला की त्याच्या हृदयाचा ठोका मी जास्त वेळ ऐकते. रॉटवायलरचं पिल्लू असलं की पार्व्होची लस एक दिवसही पुढे ढकलू देत नाही, कारण या जातीत तो आजार जास्त जोरात येतो. जर्मन शेफर्डला गोचिडाचा ताप आला तर तो बाकीच्यांपेक्षा गंभीर होऊ शकतो, म्हणून प्लेटलेट्स लगेच तपासते. कोली कुत्र्यांत पुष्कळांना आयव्हरमेक्टिन सोसत नाही, थेट मेंदूवर परिणाम होतो. आपल्याकडे गोचिडासाठी हे इंजेक्शन कुणीही कुणालाही टोचतं, म्हणून हे मुद्दाम लिहिते. आणि स्फोटकं हुडकणारा, अंधाला वाट दाखवणारा कुत्रा हवा असेल तर त्याच्या आई-बापाचा, आजा-आजीचा इतिहास हाताशी असणं फार उपयोगाचं असतं. नोंदवही ही चांगली गोष्ट आहे. माझं भांडण तिच्या बंद दाराशी आहे.

आता गावठी कुत्र्याकडे येते. माझं मन त्याच्याकडे ओढ घेतं, हे लपवत नाही. मध्यम बांधा, उभे कान, आखूड केस, वर वळलेली शेपूट. ही ठेवण कुणी ठरवली नाही, इथल्या उन्हाने आणि भुकेने ठरवली. लांब नाक उन्हाळ्यात कामाला येतं. कुत्री विते ती स्वतःच, आडोशाला खड्डा उकरून. उलट बुलडॉगची पिल्लं बहुतांशी पोट फाडूनच काढावी लागतात, कारण डोकं मोठं आणि आईचं कंबरेचं हाड अरुंद. हा फरक ज्याने दोन्ही बाजूंनी पाहिला आहे, त्याला 'शुद्ध' या गोष्टीचं फार कौतुक उरत नाही.

पण याच कौतुकाची उलटी बाजूही मला रोज दिसते आणि ती जास्त जीवघेणी आहे. "गावठीला काय होतंय, मॅडम? ते रस्त्यावर जगतंय की." हे वाक्य मी शेतकऱ्यांकडून ऐकलं आहे, प्राध्यापकांकडून ऐकलं आहे, प्राण्यांवर मनापासून माया करणाऱ्यांकडूनही ऐकलं आहे. रस्त्यावर जगतात ती आपल्याला दिसतात. मेलेली दिसत नाहीत. कोलकात्याच्या आयसरमधल्या संशोधकांनी पश्चिम बंगालमध्ये रस्त्यावरच्या कुत्र्यांच्या विणींवर लक्ष ठेवलं, तेव्हा जन्मलेल्या पिल्लांपैकी सुमारे १९ टक्केच वयात येईपर्यंत वाचली. पाचांतलं जेमतेम एक. आणि निम्म्याहून जास्त मृत्यूंमागे माणूस होता. गाड्या, विष, मार, आणि पिल्लं आईपासून उचलून नेणं. रस्त्यावरचं कुत्रं काटक असतं याचा अर्थ एवढाच, की जे काटक नव्हतं ते आपण पाहिलंच नाही.

पार्व्हो १९७८ मध्ये जगाला कळला आणि काही वर्षांतच सगळीकडे पसरला. या विषाणूपुढे गावठी पिल्लाला कुठलीही सवलत नाही. मोहोळकडच्या एका शेतकऱ्याची कुत्री व्यायली होती, पिल्लं वस्तीवर खेळत होती. दीड-दोन महिन्यांची झाल्यावर एकापाठोपाठ एक उलट्या, रक्ताची हगवण. भाऊ टोपलीत घालून सगळ्यांना घेऊन आले. सलाइन लावायला शीर सापडत नव्हती इतकी ती सुकली होती. दोन वाचली. भाऊ बाहेरच्या बाकावर बसून म्हणत होते, "तिच्या आईला कधी सुई टोचली नाही बाई, ती तर चांगली हाय." आई लहानपणी आजारातून तगली असेल, म्हणून ती होती. तिच्या अंगातली प्रतिकारशक्ती दुधावाटे पिल्लांना काही आठवडे पुरते, मग संपते. लस द्यायची ती त्याच काळात. भाऊंनी उरलेल्या दोघांना लसी दिल्या, कुत्रीची नसबंदीही करून घेतली, आणि आता वस्तीवरच्या प्रत्येक नव्या पिल्लाला तेच घेऊन येतात.

बाकी गावठी कुत्र्यांची दुखणी म्हणजे गोचिडाचा ताप, डिस्टेंपर, गाडीखाली मोडलेला पाय, पोरांनी मारलेला दगड, जखमेत पडलेल्या अळ्या. आणि मिलनातून पसरणारी ती गाठ, टीव्हीटी. हा कर्करोग पेशींच्या रूपानेच एका कुत्र्याकडून दुसऱ्याकडे जातो. दिसायला भयंकर, लघवीच्या जागेतून सतत रक्त गळतं, आणि लोक अशा कुत्रीला दगड मारून हाकलतात. खरं तर व्हिन्क्रिस्टिनची काही आठवड्यांची इंजेक्शनं दिली की बहुतेक बरी होतात. ही सगळी यादी पाहिली तर यातलं क्वचितच काही रक्तातून आलेलं आहे. टाळता येण्यासारखं जवळजवळ सगळंच आहे.

मिश्र रक्ताचं कुत्रं निरोगीच असतं, या समजुतीबाबत मी स्वतः माझ्या अनुभवापेक्षा मोजमापावर विश्वास ठेवते. कॅलिफोर्नियातल्या डेव्हिस विद्यापीठाच्या पशुरुग्णालयात १९९५ ते २०१० या काळात आलेल्या २७ हजारांहून जास्त आजारी कुत्र्यांच्या नोंदी अभ्यासल्या गेल्या. २४ आनुवंशिक आजार तपासले. त्यांतले १० जातिवंतांत जास्त निघाले, १३ दोन्हींकडे सारखेच, आणि एक, गुडघ्यातला बंध तुटणं, मिश्रांत जास्त. खुब्याचा दोष सारख्यांत आहे, हे वाचून मलाही थांबून विचार करावा लागला. २०२४ मध्ये ब्रिटनमधला मोठा अभ्यास आला, जवळजवळ ५ लाख ८५ हजार कुत्र्यांचा. त्यात जातिवंतांचं मध्यक आयुष्य १२.७ वर्षं आणि मिश्रांचं १२. मिश्र कुत्री जास्त जगतात, हा समज तिथे टिकला नाही. पण त्याच अभ्यासात नाकाचा फरक मोठा होता. लहान चणीच्या, लांब नाकाच्या माद्यांचं आयुष्य १३.३ वर्षं आणि मध्यम चणीच्या, चपट्या नाकाच्या नरांचं ९.१. म्हणजे वहीत नाव असण्यापेक्षा शरीराची ठेवण कशी आहे, हे जास्त महत्त्वाचं. हे ब्रिटनमधले पाळीव कुत्रे आहेत, आपल्या रस्त्यावरच्यांना हे आकडे लागू करू नयेत.

शिवाय आपल्याकडे 'क्रॉस' म्हणून जे विकलं जातं, त्यात पुष्कळदा दोन जातींचे दोष एकत्र येतात. लॅब आणि शेफर्ड या दोन्ही जातींत खुब्याचा दोष आहे, मग त्यांच्या पिल्लाला त्यापासून संरक्षण कुठून मिळणार? आणि प्युअर म्हणून विकलेलंही काय असेल याचा भरवसा नाही. आमच्या लहानपणी घरोघरी जो पांढरा, केसाळ पॉमेरेनियन असायचा, ज्याला 'हम आपके हैं कौन' मधल्या टफीने आणखी लोकप्रिय केलं, तो बहुधा इंडियन स्पिट्झ. तरी आपल्या हवेत तो वर्षानुवर्षं छान जगला, हेही खरं.

आता माझ्या आवडीचा विषय. सोलापूर, लातूर, धाराशिव आणि सीमेपलीकडचा विजापूर-बागलकोट हा कारवानीचा मुलूख. उंच, सडपातळ, खोल छाती, आत गेलेलं पोट, लांब डोकं. कानांवर आणि शेपटीवर रेशमी केस असले तर पश्मी. धनगरांनी आणि शेतकऱ्यांनी ही कुत्री पिढ्यान्‌पिढ्या राखली. पूर्वी सशाच्या शिकारीला वापरायचे, १९७२ च्या वन्यजीव कायद्यानंतर ती बंद झाली, आता वस्तीची आणि मेंढरांची राखण. मुधोळचे राजे मालोजीराव घोरपडे यांनी यांची पैदास जाणीवपूर्वक वाढवली आणि एक जोडी पंचम जॉर्ज बादशहाला भेट दिली. तेव्हापासून मुधोळ हाउंड हे नाव रूढ झालं. २००५ मध्ये टपाल खात्याने त्याचं तिकीट काढलं, २०१६ मध्ये लष्कराने मेरठच्या केंद्रात प्रशिक्षणासाठी घेतली, पुढे कर्नालच्या राष्ट्रीय पशु आनुवंशिक संसाधन ब्यूरोने राजपालयम आणि चिप्पिपाराई यांच्याबरोबर मुधोळचीही नोंद केली. मुधोळजवळ तिम्मापूरला बिदरच्या पशुवैद्यकीय विद्यापीठाचं यासाठी स्वतंत्र केंद्र आहे.

शुद्धता कशी राखावी, हे मी पुस्तकांपेक्षा या धनगरांकडून शिकले. मंगळवेढ्याकडचे एक मामा त्यांची कारवानी कुत्री नसबंदीसाठी नव्हे, पायाला तार लागली म्हणून घेऊन आले होते. टाके घालताना मी विचारलं, हिचा कागद आहे का? ते म्हणाले, "कागद कशाला बाई? पळताना बघा की." मग त्यांनी तिची आई कुणाची, बाप कुठल्या गावचा, आजी किती वर्षं धावली, कुठल्या विणीत लंगडं निघालं म्हणून तो नर पुन्हा लावला नाही, हे सगळं तोंडपाठ सांगितलं. दोन पिढ्यांनी एकदा लांबच्या गावचा नर आणायचा, असा त्यांचा शिरस्ता. धावत नाही ती कुत्री लावायची नाही. यात नोंद आहे, निवड आहे, आणि बाहेरच्या रक्ताला दारही आहे. जात अशी राखली तर माझी काहीच तक्रार नाही.

या कुत्रीने मला डॉक्टर म्हणूनही एक धडा पक्का करून दिला. अशा शिडशिडीत, शिकारी कुत्र्यांच्या अंगावर चरबी फार थोडी असते आणि यकृत थायोपेंटोनसारखं भुलीचं औषध सावकाश मोडतं, त्यामुळे भूल उतरायला खूप वेळ लागतो. वजनाच्या हिशेबाने गावठीला चालणारी मात्रा कारवानीला देऊ नये. भुलीचं औषधच वेगळं निवडावं. हे शिकवलं गेलं होतं, पण या मुलखात ते रोजच्या कामाचं आहे.

मला भीती वाटते ती आता पुढे काय होईल याची. २०२० मध्ये पंतप्रधानांनी आकाशवाणीवर देशी जातींचं कौतुक केल्यावर कारवानीची मागणी वाढली. मागणी वाढली की एकच देखणा नर सगळीकडे लावला जातो. पुण्या-मुंबईच्या फ्लॅटमध्ये नेलेला कारवानी मोकळं धावायला न मिळाल्याने फर्निचर फाडतो आणि मग मालक त्याला परत आणून सोडतात. मुधोळ आणि कारवानी यांची नोंद करणाऱ्या सगळ्यांना माझं सांगणं आहे की वही उघडी ठेवा. गावोगावची चांगली धावणारी, कागद नसलेली कुत्री तपासून तिच्यात घेत राहा. डाल्मेशियनवाल्यांनी तीस वर्षं घालवली, आपण ती घालवण्याची गरज नाही.

स्वभावाबद्दल थोडक्यात. शेफर्ड राखणारा, लॅब प्रेमळ, गावठी चावरं, असं लोक ठामपणे बोलतात. २०२२ मध्ये 'सायन्स' या नियतकालिकात १८ हजारांहून जास्त कुत्र्यांच्या मालकांकडून घेतलेल्या माहितीवर आणि दोन हजारांवर कुत्र्यांच्या जनुकीय तपासणीवर आधारलेला अभ्यास आला. एकेका कुत्र्याच्या वागण्यातला जेमतेम ९ टक्के फरक जातीवरून सांगता आला. माझ्या हाताला जे चावे बसले आहेत, त्यांत प्रेमळ म्हणवल्या जाणाऱ्या जातींचे पुरेसे आहेत. जन्मल्यावर पहिल्या तीन महिन्यांत पिल्लाला किती माणसं, आवाज आणि हात भेटले, त्यावर पुढचं खूप काही ठरतं. चार आठवड्यांचं पिल्लू आईपासून तोडून आणलेलं असेल तर ते बिथरटच होणार, मग ते कुठल्याही रक्ताचं असो.

म्हणून पिल्लू घ्यायला निघालात, तर विक्रेत्याला आधी म्हणा, आई दाखवा. ती कशी श्वास घेते, कशी चालते, परक्याला बघून काय करते, किती वेळा व्यायली आहे, हे बघा. कायद्याने एका मादीची आयुष्यात पाचांहून जास्त वेतं घेता येत नाहीत, आणि आठ आठवड्यांच्या आतलं पिल्लू विकता येत नाही. २०१७ चे केंद्राचे नियम आहेत हे, त्यांची आठवण करून द्या. मोठ्या जातीचं असेल तर आई-बापाच्या खुब्याचा एक्स-रे मागा. दाखवत नसेल तर परत फिरा. सोलापूरसारख्या गावात चपट्या नाकाचं कुत्रं घेऊ नका, हस्की घेऊ नका. आणि नुसती सोबत हवी असेल तर तुमच्याच गल्लीत कुठेतरी एखादी गावठी कुत्री व्यायलेली असेल. पिल्लं दोन महिन्यांची होईपर्यंत ती आईजवळच राहू द्या, तिला खायला घाला, आणि मग एक घरी आणा. दीड महिन्याला पहिली लस, पुढे तीन-चार आठवड्यांच्या अंतराने राहिलेले डोस, तीन महिने पूर्ण झाले की रेबीजची, दर वर्षी पुन्हा. ही तारीख कागद असलेल्याला आणि नसलेल्याला एकच आहे.